ॲप नवं, कुलूप जुनं

२२ डिसेंबर २०२२ रोजी लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या अमेरिकी कंपनीनं ग्राहकांना कळवलं, की चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती उचलून नेल्या आहेत. तिजोऱ्या फुटल्या नव्हत्या, बंदच्या बंद नेल्या होत्या. कुलूप भक्कम आहे, मास्टर पासवर्ड चांगला असेल तर घाबरू नका, असा कंपनीचा दिलासा होता. मग जाणकार ग्राहक आपापल्या खात्याच्या सेटिंगमध्ये डोकावले. तिथं एक आकडा असतो, एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कुणाला तो १,००,१०० दिसला, कुणाला ५,०००. काहींना ५०० दिसला, आणि अगदी जुन्या काही ग्राहकांना चक्क १.

ॲप सगळ्यांकडे एकच होतं आणि वेळोवेळी अपडेटही होत आलेलं होतं. कुलूप मात्र ज्यानं ज्या साली खातं उघडलं, त्या सालचं राहिलं होतं.

हा आकडा नेमका कशाचा? तो १ असला तर काय बिघडतं? आणि ॲप अपडेट होतं तेव्हा तो आपोआप का बदलत नाही? पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी हे समजून घ्यायला हवं. त्यासाठी आधी तिजोरीच्या आत काय चालतं ते पाहू.

डायरीचं शेवटचं पान

बहुतेक घरांत एक डायरी असते आणि तिच्या शेवटच्या पानावर बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, भविष्य निर्वाह निधी, मुलांच्या शाळेचं पोर्टल अशी सगळी ‘पासवर्डं’ लिहिलेली असतात. काहींनी खाडाखोड करून तीन-तीनदा बदललेली. ज्यांना डायरी नको असते ते सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात, आणि ते डायरीपेक्षा वाईट. कारण एखाद्या फुटकळ खरेदीच्या साइटवरून तो फुटला, की चोर तोच पासवर्ड तुमच्या ईमेलला आणि बँकेला लावून बघतो.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे याच डायरीला घातलेलं कुलूप. प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड वेगळा, लांबलचक आणि अर्थहीन. तो लक्षात ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं. आपण लक्षात ठेवायचा तो फक्त एक, मास्टर पासवर्ड. ही कल्पना जुनी आहे. ब्रूस श्नायर या अमेरिकी कूटशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये ‘पासवर्ड सेफ’ हा छोटा प्रोग्राम काढला. २००३ मध्ये डोमिनिक राइशल या जर्मन प्रोग्रामरनं ‘कीपास’ फुकट उपलब्ध करून दिला. पुढे कॅनडातून ‘वनपासवर्ड’ आला, २०१६ मध्ये ‘बिटवॉर्डन’ आला, आणि आता तर प्रत्येक ब्राउझर आणि फोन ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं विचारतो.

इथं कुणालाही शंका येईल, की सगळे दागिने एकाच डब्यात ठेवण्यासारखंच हे नाही का? तसंच आहे. म्हणूनच डब्याचं कुलूप कसं आहे याला इतकं महत्त्व.

‘च’ची भाषा आणि केर्कहॉफ्सचा नियम

लहानपणी आपण सगळेच ‘च’च्या भाषेत बोललो आहोत. ‘पाणी’चं ‘चाणीप’ करायचं, ‘घरी’चं ‘चरीघ’. मोठ्या माणसांना कळू नये म्हणून ही युक्ती. पण त्यांनीही लहानपणी तेच केलेलं असतं, त्यामुळे त्यांना सगळं कळतं. या भाषेचं सगळं रहस्य तिच्या पद्धतीत आहे. पद्धत कळली की पुढे लपवायला काही उरत नाही.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकानं १८८३ मध्ये लष्करी संकेतलिपीवर लिहिताना नेमकी हीच उणीव हेरली. त्याचं म्हणणं असं, की पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजची सगळी एन्क्रिप्शन याच नियमावर उभी आहे. कीपास आणि बिटवॉर्डन यांचा तर मूळ कोडही जगजाहीर आहे. कुणीही वाचावा, चुका काढाव्यात. ‘आमची पद्धत गुप्त आहे म्हणून आम्ही सुरक्षित’ असं एखाद्या ॲपनं सांगितलं, तर ते ‘च’च्या भाषेतच बोलतंय असं समजावं.

किल्लीवर भिस्त ठेवायची तर ती पुरेशी लांबही हवी. १९७७ पासून अमेरिकेत ‘डेस’ ही एन्क्रिप्शनची पद्धत प्रमाण होती. तिची किल्ली ५६ बिटांची. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक खास यंत्र बांधलं आणि सगळ्या किल्ल्या एकामागोमाग एक लावून तीन दिवसांच्या आत कुलूप उघडून दाखवलं. तोवर नव्या पद्धतीचा शोध सुरू झालेला होताच. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं १९९७ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले, १५ आले, पाच शेवटच्या फेरीत पोचले आणि योआन डामेन व व्हिन्सेंट रायमेन या दोघा बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली गेली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती ‘एईएस’ या नावानं प्रमाण ठरली. श्नायरच्या गटाची ‘टूफिश’ही त्या शेवटच्या पाचांत होती, ती हरली, पण पासवर्ड सेफमध्ये अजून तीच नांदते.

एईएस मजकुराचे १६-१६ बाइटांचे तुकडे करते. प्रत्येक तुकडा चार बाय चारच्या चौकटीत मांडते. मग प्रत्येक घरातला आकडा ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे बदलायचा, ओळी सरकवायच्या, स्तंभ एकमेकांत मिसळायचे आणि वर किल्लीचा थर द्यायचा. २५६ बिटांची किल्ली असेल तर असं १४ वेळा. पत्ते पिसल्यासारखंच हे. फरक इतकाच, की किल्ली हातात असेल तर हाच खेळ उलट खेळून मूळ क्रम तंतोतंत परत मिळतो. किल्ली नसेल तर सगळ्या शक्य किल्ल्या लावून बघाव्या लागतात, आणि त्यांची संख्या ७८ आकडी आहे. जगातले सगळे संगणक एकत्र आणले तरी या वाटेनं कुणी जात नाही.

चोर वेगळ्याच वाटेनं जातो. तो किल्ली शोधायच्या भानगडीत न पडता तुमचा मास्टर पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतो.

पासवर्डाचं दळण

आपण टाइप करतो तो मास्टर पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे. एईएसला हवी असते बरोबर २५६ बिटांची, कसलाही आकृतिबंध नसलेली किल्ली. आपला पासवर्ड मात्र गणपतीचं नाव, पुढे ‘ॲट’चं चिन्ह आणि १२३ अशा घाटाचा. त्यामुळे मधे एक गिरणी लागते. पासवर्ड तिच्यात टाकायचा, बाहेर किल्ली येते. तोच पासवर्ड टाकला तर दर वेळी तीच किल्ली. एक अक्षर बदललं तर पूर्ण वेगळी. आणि पिठावरून जसे दाणे परत मिळत नाहीत, तसा किल्लीवरून पासवर्ड काढता येत नाही. या दळण्याला संगणकाच्या भाषेत हॅशिंग म्हणतात.

चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्ड कुठेच साठवलेला नसतो, ना तुमच्या फाइलमध्ये, ना कंपनीच्या सर्व्हरवर. तुम्ही तो टाइप करता, त्याचं दळण होतं, निघालेल्या किल्लीनं तिजोरी उघडली तर पासवर्ड बरोबर. म्हणूनच तो विसरलात तर अशी कंपनी तुम्हाला तो परत देऊ शकत नाही. आणि एखाद्या कंपनीनं ‘विसरलात? हरकत नाही, हा घ्या तुमचा जुना पासवर्ड’ म्हटलं, तर तिथून त्याच दिवशी बाहेर पडावं.

पण चोरालाही हीच गिरणी फुकट मिळते. तो प्रचलित पासवर्डांची लांबलचक यादी घेऊन एकेक दळून बघतो. त्याला आवर घालायचे दोन जुने उपाय १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीबद्दलच्या लेखात मांडले.

पहिला उपाय मिठाचा. त्याला इंग्रजीतही ‘सॉल्ट’ म्हणजे मीठच म्हणतात. प्रत्येकाच्या दळणात एक वेगळी, आपोआप निवडलेली संख्या मिसळायची. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी किल्ल्या वेगळ्या निघतात, आणि चोराला एकदाच दळून ठेवलेलं पीठ सगळ्यांसाठी वापरता येत नाही. प्रत्येक घरासाठी त्याला नव्यानं दळावं लागतं. हे मीठ गुप्त नसतं, तिजोरीच्या दारावरच लिहिलेलं असतं. त्याचं काम चोराचा घाऊक धंदा मोडणं एवढंच.

दुसरा उपाय फेऱ्यांचा. दळलेलं पुन्हा दळायचं, पुन्हा पुन्हा दळायचं. युनिक्समध्ये अशा २५ फेऱ्या होत्या. तुम्ही दिवसातून चार वेळा तिजोरी उघडता. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद जास्त लागला तर तुमचं काही अडत नाही. चोराला मात्र अब्जावधी अंदाज बांधायचे असतात, आणि प्रत्येक अंदाजाला त्याला तेवढ्याच फेऱ्या माराव्या लागतात.

लास्टपासच्या सेटिंगमधला तो आकडा या फेऱ्यांचा होता.

एकाच पासवर्डाची सहा मिनिटं आणि साडेसहा वर्षं

हिशेब करून पाहू. समजा, चोराचं यंत्र सेकंदाला ६० कोटी फेऱ्या मारतं. आणि समजा, तुमचा मास्टर पासवर्ड इंग्रजीतली आठ लहान अक्षरं, पण कसलाही अर्थ नसलेली. अशा शक्यता सुमारे २१ हजार कोटी. फेरी एकच असेल तर सगळ्या शक्यता सहा मिनिटांत तपासून होतात. फेऱ्या ५,००० असतील तर २० दिवस लागतात. १,००,१०० असतील तर वर्षाहून थोडा जास्त काळ. ६ लाख असतील तर साडेसहा वर्षं.

पासवर्ड तोच आणि एईएसही तीच, पण सेटिंगमधल्या एका आकड्यावर सहा मिनिटं की साडेसहा वर्षं हे ठरतं.

हा आकडा काळाबरोबर का वाढवावा लागतो तेही यात आलं. फेऱ्यांची ‘पीबीकेडीएफ-टू’ ही सर्वमान्य पद्धत २००० साली कागदावर आली, तेव्हा किमान हजार फेऱ्या माराव्यात असं सुचवलेलं होतं. पुढे व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या ग्राफिक्स कार्डांवर हजारो छोट्या गिरण्या एकाच वेळी फिरवता येतात हे लोकांच्या लक्षात आलं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेनं २०२३ मध्ये या पद्धतीसाठी ६ लाख फेऱ्या सुचवल्या. लास्टपास आणि बिटवॉर्डन यांनीही त्याच वर्षी आपला आकडा तिथं नेला.

पण नुसत्या फेऱ्या वाढवणं ही कधी न संपणारी शर्यत आहे. म्हणून २०१३ मध्ये पासवर्ड दळण्याच्या नव्या पद्धतींची जागतिक स्पर्धा जाहीर झाली. २४ पद्धती आल्या. २०१५ मध्ये लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांची ‘आर्गॉन-टू’ जिंकली. तिची युक्ती सोपी आहे. तिच्या दळणाला गिरणीशेजारी मोठी परातही लागते. एका अंदाजासाठी ६४ मेगाबाइट मेमरी अडवून ठेवायची असं तुम्ही तिला सांगू शकता. तुमच्या फोनला किंवा लॅपटॉपला एका वेळी एकच परात मांडायची असते, त्यामुळे ते सहज जमतं. ग्राफिक्स कार्डाकडे गिरण्या हजारो असल्या तरी इतक्या पराती मांडायला जागा नसते.

शेवटची मुद्रा

कुलूप लावल्यावर आणखी एक प्रश्न उरतो. तिजोरीतलं वाचता आलं नाही तरी कुणी बाहेरून तिच्यात ढवळाढवळ केली तर? शिवकालीन पत्रांत मजकूर संपला की खाली मर्यादा मुद्रा उठवत. पत्र इथं संपलं, यापुढे कुणी ओळ घुसवली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ. ‘मोर्तब’ करणं हा शब्दप्रयोग याच व्यवहारातला. आजच्या तिजोऱ्यांतही अशी गणिती मुद्रा असते. किल्ली असलेल्यालाच ती उठवता येते, आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती जुळत नाही.

जुन्या तिजोऱ्यांत ही मुद्रा कच्ची असे. कीपासचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०१७ मध्ये त्याच्या २.३५ या आवृत्तीबरोबर फाइलची नवी, चौथी रचना आली. तिच्यात आर्गॉन-टू आलं, एईएसला पर्याय म्हणून ‘चाचा-ट्वेंटी’ ही पद्धत आली, आणि फाइलच्या मथळ्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळ्यावर मुद्रा आली. मथळ्यावर मुद्रा हवीच, कारण किती फेऱ्या मारायच्या हे तिथंच लिहिलेलं असतं.

पण २०१० साली केलेली कीपासची फाइल नव्या आवृत्तीत उघडली म्हणून ती आपोआप नव्या रचनेची होत नाही. ती उघडते, आणि तुम्ही काही बदललं नाही तर जुन्याच पद्धतीनं पुन्हा बंद होते. पूर्वी नेमून दिलेल्या फेऱ्या ६,००० होत्या. त्या तितक्याच राहतात. यात प्रोग्रामची चूक म्हणता येत नाही. तीच फाइल तुम्ही एखाद्या जुन्या फोनवरही उघडत असाल, आणि न विचारता कुलूप बदललं तर तिथली वाट बंद होईल. म्हणून प्रोग्राम जुन्याशी जुळवून घेतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. आपण मात्र अपडेट झालं म्हणजे सगळं झालं असं धरून चालतो.

अपग्रेड म्हणजे तीन वेगळी कामं

पहिलं काम प्रोग्रामचं. तिजोरी कितीही भक्कम असो, ती उघडताना पासवर्ड काही क्षण संगणकाच्या मेमरीत असतोच. मे २०२३ मध्ये कीपासमधली अशी एक चूक उघडकीला आली. मास्टर पासवर्ड टाइप करताना प्रत्येक अक्षराचा माग मेमरीत राहत होता. मेमरीची प्रत मिळाली तर पहिलं अक्षर सोडून जवळजवळ सगळा पासवर्ड जुळवता येत होता. जूनमध्ये २.५४ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. ही दुरुस्ती फक्त नवी आवृत्ती बसवणाऱ्यांनाच मिळाली. फेऱ्या कितीही वाढवल्या तरी तिथं त्यांचा उपयोग नव्हता.

अपडेट न केल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे लास्टपासच्याच गोष्टीत दिसतं. चोर कंपनीच्या साठ्यापर्यंत पोचले ते एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावरून. त्यावर सिनेमे-गाणी साठवून बघण्याचं एक सॉफ्टवेअर होतं, प्लेक्स नावाचं. त्यातली फट मे २०२० मध्येच बुजवली गेली होती, पण या संगणकावर ती दुरुस्ती कधी पोचलीच नाही. चोरांनी त्या फटीतून आत शिरून कळफलकावर टाइप होणारं सगळं टिपणारा प्रोग्राम बसवला आणि अभियंत्याचा मास्टर पासवर्ड मिळवला. जगभरच्या तिजोऱ्या सांभाळणाऱ्याच्या घरात वाट सापडली ती करमणुकीच्या सॉफ्टवेअरमधून.

दुसरं काम तिजोरीचं. फेऱ्या वाढवणं, आर्गॉन-टू निवडणं, फाइल नव्या रचनेत पुन्हा साठवणं. हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं करावं लागतं. बिटवॉर्डननं २०२३ मध्ये ६ लाखांचा आकडा नव्या खात्यांना आपोआप दिला. जुन्या खातेदारांनी स्वतः बदलावा अशी अपेक्षा होती. इथं आणखी एक बारकावा आहे. बऱ्याच मॅनेजरमध्ये किल्ल्या दोन असतात. खरी किल्ली एका छोट्या डबीत असते आणि मास्टर पासवर्डातून निघालेली किल्ली फक्त ती डबी उघडते. मास्टर पासवर्ड बदलला की डबीचं कुलूप बदलतं, आतली किल्ली तीच राहते. कुणी ती आधीच पाहिली असेल अशी शंका असेल तर खरी किल्लीही बदलावी लागते. बिटवॉर्डनमध्ये मास्टर पासवर्ड बदलताना त्यासाठी वेगळा चौकोन टिचकावा लागतो.

तिजोरीत काय काय कुलूपबंद आहे हेही बघायचं असतं. लास्टपासमध्ये नाव आणि पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण साइटचे पत्ते उघडेच होते. त्यामुळे कोणत्या तिजोरीत बँक आहे, कोणत्या तिजोरीत आभासी चलन आहे, हे चोरांना कुलूप न उघडताच कळत होतं. कोणती तिजोरी आधी फोडायची याची यादीच त्यांच्या हाती पडली.

तिसरं काम आतल्या ऐवजाचं, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. एकदा तिजोरीची प्रत चोराकडे गेली, की नंतर तुम्ही तुमच्याकडच्या तिजोरीला कितीही भारी कुलूप लावा, त्याच्याकडची प्रत जुन्याच कुलपाची राहते. तो ती आज फोडेल, दोन वर्षांनी फोडेल, यंत्रं स्वस्त झाल्यावर फोडेल. तोवर आतले पासवर्ड निरुपयोगी करून ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. आधी ईमेलचा, मग बँकांचा, मग बाकीचे असे प्रत्येक ठिकाणी जाऊन पासवर्ड बदलावे लागतात.

‘पण मला तर ओटीपी येतो’ असं अनेकांना वाटतं. मॅनेजरच्या खात्यात शिरताना येणारा ओटीपी सर्व्हरच्या दारावरचा पहारेकरी आहे. तिजोरीच मागच्या दारानं पळवली तर पहारेकरी काय करणार? फाइल उघडायला ओटीपी लागत नाही, फक्त किल्ली लागते. वनपासवर्डनं यावर वेगळा उपाय केला आहे. मास्टर पासवर्डाबरोबर १२८ बिटांची एक गुप्त संख्या तुमच्या उपकरणावरच तयार होते, आणि किल्ली दोन्ही मिळून बनते. सर्व्हरवरची प्रत चोरणाऱ्याकडे ती संख्या नसते. अर्थात ती तुम्हीही हरवली तर पंचाईत, म्हणून ती कागदावर छापून ठेवायला सांगतात.

बदलायच्या दिवशी

प्रत्यक्ष काम तासाभराचं आहे, पण घाईनं करायचं नाही. आधी तिजोरीच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. सगळ्या उपकरणांवर ॲपची ताजी आवृत्ती बसवावी, नाहीतर नव्या रचनेची फाइल जुन्या फोनवर उघडणार नाही. सर्व्हरवर चालणारी सेवा असेल तर किल्ली बदलण्याआधी बाकीच्या उपकरणांवरून लॉगआउट करावं. जुन्या किल्लीनं चालू असलेलं एखादं उपकरण मधेच काही साठवायला गेलं तर घोळ होतो.

मग सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन पद्धत आणि आकडा बघावा. आर्गॉन-टू मिळत असेल तर तेच निवडावं. पीबीकेडीएफ-टूच असेल तर आकडा किमान ६ लाख असावा. कीपासमध्ये तर तुमच्याच संगणकावर मोजून, तिजोरी उघडायला साधारण एक सेकंद लागेल इतका आकडा सुचवणारं बटण आहे. मेमरी मात्र हावरेपणानं वाढवू नये. फोनवर पासवर्ड आपोआप भरणाऱ्या सुविधेला मिळणारी मेमरी मर्यादित असते, आणि लॅपटॉपवर छान चाललेली तिजोरी फोनवर अडून बसते.

त्यानंतर प्रत्येक उपकरणावर तिजोरी एकदा बंद करून पुन्हा उघडावी. सगळीकडे उघडली, की पेनड्राइव्हवरची, जुन्या लॅपटॉपवरची, ईमेलनं स्वतःलाच पाठवलेली जुनी प्रत पुसून टाकावी. जुन्या कुलपाची प्रत घरात लोळत असेल तर नव्या कुलपाचा उपयोग नाही. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जाताना तर जास्तच जपावं. ‘एक्सपोर्ट’ केलं की बहुतेक वेळा सगळे पासवर्ड साध्या, उघड्या तक्त्यात बाहेर येतात. ती फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते, कधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली असते. काम झालं की ती तिथल्या तिथे पुसायची, आणि कचरापेटीतूनही.

आणि मास्टर पासवर्ड. हिशेबातली साडेसहा वर्षं अर्थहीन आठ अक्षरांची होती. नाव आणि जन्मसाल असलेला पासवर्ड चोराच्या यादीत पहिल्या पानावर असतो. तिथं सहा लाख फेऱ्याही फार काळ पुरत नाहीत. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ‘डाइसवेअर’ नावाची साधी रीत सुचवली. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, फासा पाच वेळा टाकून एक शब्द निवडायचा, असे सहा शब्द निवडायचे. शब्द फाशानं निवडायचे, मनानं नव्हे; मन नेहमी ओळखीच्या वाटेनं जातं. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले तरी चालतात, यादी मोठी आणि निवड फाशाची हवी, एवढंच. अशा सहा शब्दांच्या शक्यता इतक्या, की सेकंदाला ६० कोटी फेऱ्या मारणाऱ्या त्याच यंत्राला, एकच फेरी असली तरी, एक कोटीहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे ज्या ग्राहकांचा आकडा १ होता, त्यांनाही असा पासवर्ड असता तर शांत झोप लागली असती.

हा पासवर्ड एकदा कागदावर लिहून पाकिटात घालावा आणि दागिने-दस्तऐवज ठेवता तिथं ठेवावा. घरातल्या एका माणसाला त्या पाकिटाचं ठाऊक असावं. आपल्यामागे बँक, विमा, वीजबिल यांची दारं घरच्यांसाठी बंद होऊ नयेत, हाही तिजोरीच्या मालकाच्याच जबाबदारीचा भाग आहे.

लास्टपासनं बारा अक्षरी मास्टर पासवर्डाचा नियम २०१८ मध्ये केला, पण जुन्या ग्राहकांवर तो सक्तीचा व्हायला जानेवारी २०२४ उजाडलं. चोरी या दोन तारखांच्या मधे झाली. तुमच्या ॲपची कंपनी तुमचं जुनं कुलूप आपणहून बदलेल, याची वाट बघू नका. आज तिजोरी उघडाल तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा तेवढा वाचा.